भुवया नसलेला खातेदार

विसुत मास्तरांनी मोबाइल तोंडासमोर धरला आणि बँकेच्या अ‍ॅपने सांगितलं तसे डोळे मिचकावले. मग मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. शाळेच्या ग्रंथालयात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला सूचना वाचायची आणि पाळायची दोन्ही सवयी असतात. अ‍ॅप थोडा वेळ घुटमळलं आणि त्याने निकाल दिला, 'चेहरा जुळत नाही.'

"काय म्हणतंय?" लामदुआनने चिकट भाताची टोपली उघडता उघडता विचारलं.

"मी म्हणजे मी नाही, असं म्हणतंय."

"मला हे लग्नानंतर सहा महिन्यांतच कळलं होतं. पैसे गेले का ते सांगा."

पैसे गेले नव्हते. आणि आज शुक्रवार होता, आणि दुपारी चारला हेंग दलालाचा ट्रक खाटीकखान्याकडे निघणार होता, आणि त्या ट्रकमध्ये थोंगदी असणार होती.

थोंगदी ही मास्तरांच्या आईची म्हैस. आई अठ्ठ्याऐंशीची होऊन गेली, आणि जायच्या दोन दिवस आधी तिने मास्तरांचा हात धरून एवढंच मागितलं, "थोंगदीला कुणाच्या ताटात जाऊ देऊ नकोस. ती म्हातारी होऊन मरू दे." मास्तर हो म्हणाले. आई त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली. आयुष्यभर तिने या मुलाला बाजारात पाठवलं तर तो भाजीऐवजी भाजीभोवती गुंडाळलेला कागद वाचत घरी यायचा. त्यामुळे तिच्या त्या बघण्यात विश्वास किती होता, याबद्दल मास्तरांना तेव्हापासून शंका होती.

मग अंत्यविधी आला. थोरला मुलगा म्हणून मास्तरांनी रीतीप्रमाणे सात दिवसांसाठी चीवर घेतलं आणि शवपेटीपुढे भिक्खू होऊन चालले. भिक्खू व्हायचं म्हणजे डोक्याबरोबर भुवयाही जातात. विहारातल्या म्हाताऱ्या भन्तेंनी चष्मा न लावताच वस्तरा फिरवला, पण काम चोख केलं. मास्तर तिकडे आईसाठी सूत्रं म्हणत बसले असताना इकडे धाकट्या भावाने, सुवानने, विचार केला की आई गेली, दादा भिक्खू झाला, आता म्हशीला चारणार कोण. त्याने थोंगदी हेंगला विकली आणि आलेल्या पैशांत आपल्या पिकअप गाडीचे थकलेले हप्ते फेडले. मास्तर गुरुवारी चीवर उतरवून घरी आले, तर गोठ्यात नुसता दोर.

हेंग तसा वाईट माणूस नव्हता. "चोपन्न हजार बाट द्या आणि घेऊन जा, मास्तर," तो फोनवर म्हणाला होता. "पण उद्या चारपर्यंत. ट्रक काही माझ्या बापाचा नाही."

चोपन्न हजार मास्तरांकडे होते. जन्मात त्यांनी घर, दोन कपाटं पुस्तकं आणि हे एक बँकखातं एवढंच जमवलं होतं.

"इकडे या," लामदुआन म्हणाली. "भुवयांमुळेच अडलंय ना? काढून देते."

तिने सुनेच्या मेकअपच्या डब्यातली पेन्सिल आणली आणि मास्तरांची हनुवटी पकडली. लामदुआनने उभ्या आयुष्यात भुवया काढल्या नव्हत्या. रांगोळी काढावी अशा उत्साहाने तिने दोन कमानी उभ्या केल्या. आरशात मास्तरांना एक असा माणूस दिसला, ज्याला आत्ताच कुणीतरी आश्चर्यकारक बातमी सांगितली आहे.

'कृपया चेहरा नेहमीसारखा ठेवा,' अ‍ॅप म्हणालं.

"नेहमीसारखाच आहे," मास्तर अ‍ॅपला म्हणाले.

"भुवया खाली करा," लामदुआन म्हणाली.

"त्या होत नाहीत. तू वर काढल्यायस."

तिने थुंकी लावून पुसल्या आणि पुन्हा काढल्या. या खेपेला मास्तर चिडल्यासारखे दिसायला लागले, म्हणजे निदान प्रसंगाला शोभतील असे. अ‍ॅपने तिसऱ्यांदा निकाल दिला आणि खाली लाल अक्षरं उमटली. 'तुमच्या सुरक्षिततेसाठी तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे. तुमचे पैसे सुरक्षित आहेत.'

"कुणापासून?" लामदुआनने विचारलं.

मास्तरांनी ओळ पुन्हा वाचली. त्याचं उत्तर त्यात नव्हतं.

*

बाजारातल्या शाखेत ते पोचले तेव्हा साडेबारा झाले होते. मास्तरांना बँकेत जायला आवडत नसे. तिथे शिरलं की आपण काहीतरी मागायला आलोय असं त्यांना वाटायचं, आणि मागणारा माणूस दिसतो तसे ते दिसायला लागायचे. खिडक्यांपाशी रांग होती. बाकड्यावर तिम मावशी बसली होती. ती बाजारात काड्यांना टोचलेलं डुकराचं मांस भाजून विकायची आणि धुराचा वास बरोबर घेऊनच फिरायची. तिच्या पलीकडे हार्डवेअरवाले चेंगशेठ मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसले होते.

नंबर लागला. काउंटरवरच्या मुलीने पासबुक घेतलं, ओळखपत्र घेतलं, मास्तरांकडे पाहिलं, ओळखपत्राकडे पाहिलं आणि आतून रुंगनापाला बोलावून आणलं. रुंगनापा शाखेची उपव्यवस्थापक. शाळेत असताना ती मास्तरांच्या ग्रंथालयातून आठवड्याला तीन पुस्तकं न्यायची आणि चारच्या चार परत करायची, म्हणजे मैत्रिणीचंही.

"सर!" तिने वाकून नमस्कार केला. "आजींचं कळलं. वाईट वाटलं."

"मग तू मला ओळखतेस," मास्तर आशेने म्हणाले.

"अहो, मी ओळखते. यंत्र ओळखत नाही."

"तर तू यंत्राला सांग."

"ते माझं ऐकत नाही, सर. त्याला माझाही चेहरा लागतो." तिने काउंटरवरचा छोटा कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. मास्तरांनी डोळे मिचकावले. कॅमेऱ्याने त्यांना नाकारलं. पेन्सिलच्या भुवया घामाने उतरून आता गालांपर्यंत आल्या होत्या.

"अंगठा लावू का?" मास्तर म्हणाले.

"अंगठा गेल्या वर्षी बंद झाला. सुरक्षित नव्हता."

"सही?"

"सही त्याच्या आधीच बंद झाली."

"अगं पोरी," लामदुआन पुढे झाली, "मी बायको आहे याची. पंचेचाळीस वर्षं हेच तोंड बघतेय. मी सही करते की हा तोच आहे. दुसरा मिळत असता तर मी कधीच बदलून घेतला असता."

रुंगनापाने ओठ दाबून हसू आवरलं. "काकू, चोपन्न हजार एकाच वेळी पाठवायला गेले म्हणून त्याने चेहरा मागितला. पन्नास हजारांच्या आत तो चेहरा मागतच नाही. सत्तावीस-सत्तावीस असे दोनदा पाठवले असते तर..."

मास्तरांनी हळूच विचारलं, "मग चोर तसंच करत असतील ना?"

"तसंच करतात, सर."

तिने एक छापील कागद काढला. साठीच्या पुढचा माणूस घाईघाईने मोठी रक्कम मागायला आला, तर त्याला फसवणाऱ्यांपासून वाचवण्यासाठी विचारायचे प्रश्न त्यावर होते. हा कागद भरून मुख्य कचेरीला पाठवला आणि त्यांना पटलं, तर खातं आजच उघडेल, असं ती म्हणाली. "पण काकू, तुम्ही जरा बाजूला थांबा. नियम आहे. सोबतचा माणूसच दबाव आणणारा असू शकतो."

"आणतेच मी दबाव," लामदुआन म्हणाली. "नाही आणला तर हा माणूस अंथरुणातून उठत नाही." पण ती जाऊन तिम मावशीशेजारी बसली, आणि दोघींचं बोलणं लगेच सुरू झालं.

रुंगनापाने पेन उघडलं. "तुम्हाला पैसे काढायला कुणी सांगितलं?"

"आईने."

"सर..."

"मग काय लिहिणार? तिनेच सांगितलं."

"'मृत नातेवाईक' असा रकाना नाहीये. मी 'नातेवाईक' लिहिते. पैसे कुणाला द्यायचे आहेत? तुम्ही त्याला प्रत्यक्ष ओळखता?"

"नाही. फोनवर बोललोय. हेंग नाव आहे."

पेन थबकलं. "त्याने काही मुदत दिलीय?"

"चारपर्यंत."

"आणि नाही दिले तर?"

मास्तरांनी खाली बघून सांगितलं, "तर तो तिला मारणार."

काउंटरवरच्या मुलीने टाइप करणं थांबवलं. रुंगनापाने खुर्ची जवळ ओढली. "सर, हळू बोला. कुणाला?"

"थोंगदीला. म्हशीला."

"म्हैस तुम्ही डोळ्यांनी पाहिलीय का? की फोटो पाठवलाय?"

"अगं, चौदा वर्षं पाहतोय!"

ती मनापासून विचारत होती की कागदावरचं वाचत होती, हे मास्तरांना कळेना. आणि वाईट म्हणजे, प्रत्येक उत्तर देताना त्यांची जीभ अडखळत होती, कान लाल होत होते, नजर खाली जात होती. कागदाच्या शेवटी एक चौकट होती, 'ग्राहक अस्वस्थ दिसतो का?' रुंगनापाने दुःखी चेहऱ्याने तिथे खूण केली. मास्तरांना सांगावंसं वाटलं की मी जन्मल्यापासूनच असा दिसतो. पण सांगायला गेल्यावर ते आणखीच अस्वस्थ दिसले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हेंग.

"थांबा, मीच बोलते," रुंगनापाने फोन घेतला. "नमस्कार, मी बँकेतून बोलतेय. मला तुमची थोडी माहिती हवी होती. तुमचं पूर्ण नाव आणि..."

पलीकडून जे आलं ते बाकड्यापर्यंत ऐकू गेलं. या आठवड्यात हेंगला 'बँकेतून बोलतोय' म्हणणारे चार भामटे भेटले होते, आणि या पाचवीच्या आईबद्दल, आजीबद्दल आणि घरातल्या कुत्र्याबद्दल त्याने आपलं मत स्पष्ट सांगितलं. मग फोन बंद झाला. मास्तरांनी परत लावून पाहिला. लागेना. हेंगने नंबर अडवून टाकला होता.

"सावध माणूस आहे," रुंगनापा पडल्या आवाजात म्हणाली.

तिने कागद भरून बँकॉकला मुख्य कचेरीला पाठवला आणि मग फोन केला. फोनवर आधी गाणं लागलं, मग एक दाबा, मग चार दाबा, मग पुन्हा तेच गाणं. दोन वाजले. सव्वादोन वाजले. शेवटी एका गोड आवाजाच्या मुलाने सांगितलं की हे प्रकरण फसवणुकीच्या सगळ्या लक्षणांत इतकं छान बसतं की त्यांच्या प्रशिक्षणात उदाहरण म्हणून वापरता येईल. खातं तपासणीसाठी बंद राहील. सोमवारी सुट्टी. मंगळवारी बघू. आणि त्याने मास्तरांचं अभिनंदन केलं, कारण त्यांचे चोपन्न हजार वाचले होते.

मास्तर उठले. निघून जायचं, असंच त्यांच्या मनात होतं. अशा वेळी ते नेहमीच निघून जायचे. दारापर्यंत गेले, आणि तिथे त्यांना आईचं ते बघणं आठवलं.

ते वळले. "माझी आई मेली," ते म्हणाले. आवाज स्वतःचाच की काय, असा त्यांना संशय आला, इतका तो मोठा होता. "तिने एक म्हैस मागितली. विकतची नाही, सोन्याची नाही. तिचीच म्हैस, जिवंत राहावी एवढंच. माझ्याकडे पैसे आहेत. माझे आहेत. ते या भिंतीच्या आत आहेत आणि अतिशय सुरक्षित आहेत. आणि चार वाजता त्या जनावराच्या मानेवर सुरी फिरणार. मला कुणी फसवत नाहीये. कुणी मला फसवायच्या लायकीचाही समजत नाही!"

 दारातल्या रखवालदाराचा हात पट्ट्यातल्या दांडक्याकडे गेला होता, तो त्याने खाली घेतला.

"म्हणजे जीव सोडवायचाय?" तिम मावशीने लामदुआनला विचारलं.

"तासभर तेच तर सांगतेय तुला."

"तू नवऱ्याबद्दल सांगत होतीस!" तिम मावशी उठली, कमरेच्या पिशवीतून शंभराची नोट काढली आणि मास्तरांच्या हातात कोंबली. "माझे धरा. माझ्या बापाच्या नावाने. त्याने उभ्या जन्मात म्हशीला चाबकाशिवाय हात लावला नाही. तिकडे त्याला याची गरज असणार."

जनावराचा जीव सोडवण्याचं पुण्य समोर चालून आलेलं असताना आपण नुसतं बसून राहायचं, हे बाकड्यावर कुणालाच पटेना. रखवालदाराने दोनशे दिले. नोकरी लागावी म्हणून एका मुलीने वीस दिले. काउंटरवरच्या मुलीने पैसे गोळा करायला सुट्ट्या नोटांचा प्लास्टिकचा ट्रे रिकामा करून पुढे सरकवला. पैसे भरायच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर प्रत्येक जण आपापल्या मेलेल्या माणसाचं नाव लिहून द्यायला लागला, म्हणजे विहारात मेलेल्यांना पुण्य पोचवायचं पाणी सोडताना मास्तरांनी कुणाला विसरू नये.

तिम मावशीने मोबाइल काढून बाजारातल्या गटावर थेट दाखवायला सुरुवात केली. "हे बघा, हे मास्तर! भुवयांकडे बघू नका! माझ्या खात्यावर पाठवा!" पैसे टिंग टिंग यायला लागले. वीस, पन्नास, शंभर. पंधरा मिनिटांत चाळीस अनोळखी माणसांनी पैसे पाठवले, आणि सोळाव्या मिनिटाला टिंग टिंग थांबली. तिम मावशीने मोबाइल लांब धरून वाचलं. "'संशयास्पद उलाढाल. तुमच्या सुरक्षिततेसाठी...' अगं बाई! रुंगनापा! माझं पण खातं बंद केलंस?"

"मी नाही, मावशी! ते आपोआप होतं!"

"माझा उद्याचा माल आहे त्यात!"

"मंगळवारी बघू," बाकड्यावरून दोघे-तिघे एकदमच म्हणाले.

ट्रेमध्ये तेव्हा नऊ हजार होते, आणि तीन वाजत आले होते. चेंगशेठ इतका वेळ पिशवी मांडीवर घेऊन गप्प होते. आता ते उठले, ट्रेपाशी आले आणि पिशवीतून नोटांची गड्डी काढून मोजायला लागले.

"शेठ, हे तुमचे भरायचे पैसे ना?" मास्तर घाबरून म्हणाले.

"भरायलाच आणले होते. पण इथे भरले तर परत दिसतील की नाही, आता मला खात्री वाटेना." त्यांनी चाळीस हजार मोजले. "म्हशीत टाकतो. म्हैस निदान दिसते तरी."

सगळ्यांत शेवटी रुंगनापा आली. तिने आधी छताच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पर्समधून पाच हजार काढून ट्रेमध्ये ठेवले. "हे माझे आहेत, बँकेचे नाहीत," ती म्हणाली. "बँकेचे मी देऊ शकत नाही. तुमचेही देऊ शकत नाही. माझे देता येतात. आणि सर, पावती मागू नका."

*

हेंगचा गोठा गावाच्या दुसऱ्या टोकाला. लामदुआनने मोटरसायकल अशी हाकली की मास्तर मागे बसून विहारात शिकलेली सूत्रं पुन्हा म्हणायला लागले. पोचले तेव्हा थोंगदी ट्रकमध्ये चढलेली होती आणि फळी वर घेत होते.

हेंगने पैसे मोजले. नोटांचं वय आणि वास पाहून त्याने विचारलं, आणि लामदुआनने सांगितलं. त्याने मान हलवली. "म्हणजे ती बँकवाली खरीच होती?" मग चेहरा पाडून तो म्हणाला, "मी तिच्या आजीबद्दल फार बोललो." त्याने गड्डीतून चार हजार काढून परत दिले. "हा माझा हिस्सा. तिच्याच आजीच्या नावाने लावा."

थोंगदी फळीवरून उतरली, मास्तरांच्या शर्टाला नाक पुसलं आणि घराच्या रस्त्याला लागली.

रविवारी विहारात पाणी सोडलं. मास्तरांनी एकाहत्तर नावं वाचली, आणि बहात्तरावं आईचं. वाचताना त्यांना सुखही वाटत होतं आणि कुठेतरी ठसठसतही होतं. आईला शब्द त्यांनी दिला होता. म्हैस बाजाराने सोडवली. त्यांच्या खिशातला एक बाटही त्यात नव्हता.

मंगळवारी खातं उघडलं. मास्तर चोपन्न हजार रोख घेऊन लोकांचे पैसे परत करायला निघाले. रखवालदाराने हात मागे घेतले. चेंगशेठ म्हणाले, "दिलेलं पुण्य परत घ्यायचं दुकान माझं नाही." रुंगनापा म्हणाली, "सर, अशी रोकड घेऊन अनोळखी लोकांच्या मागे फिरू नका, मला पुन्हा कागद भरावा लागेल." तिम मावशीने तर चिमटाच उगारला. "माझ्या बापाला तिथून खाली ढकलता काय, मास्तर?"

दुपारभर फिरूनही पैसे जसेच्या तसे राहिले. बँकेत परत भरावेत, असं त्यांना वाटलं आणि मग नाही वाटलं. त्यांनी मोटरसायकल वळवली.

हेंगच्या गोठ्यात अकरा म्हशी होत्या. हेंग पाईपने पाणी मारत होता.

"आता काय राहिलं, मास्तर?"

"एक घ्यायची आहे. सोडवायला." त्यांनी कुंपणाला हात टेकले. अकरा तोंडं त्यांच्याकडे वळली. कुठली, हे त्यांना ठरवेना. जी घेऊ ती घेतली, पण जी सोडू तिचं काय. ग्रंथालयात रद्दी काढायची वेळ आली की त्यांना असंच व्हायचं, आणि त्या वर्षी रद्दी निघायचीच नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "आज यांतली कुठली जाणार आहे?"

"आज?" हेंगने पाणी बंद केलं. "आज सगळ्याच."

मास्तरांनी खिशातून पाकीट काढलं.

लामदुआनने दुसऱ्या रिंगला फोन उचलला. "दिले का पैसे परत?"

"कुणी घेतले नाहीत. अगं, मी हेंगकडे आहे."

पलीकडून लगेच, "किती?"

"दोन. चोपन्न हजारांत दोनच आल्या. लहान आहेत गं. काही खाणार नाहीत फारसं."

"लहान म्हशी मोठ्या होतात, अहो. एवढी पुस्तकं वाचलीत, त्यांत कुठे नव्हतं का हे?"

मागे हेंग दोन पारड्यांना कळपातून वेगळं करत होता आणि बाकीच्या नऊ ट्रकच्या दिशेने तोंड करून उभ्या होत्या.

"येताना बाजारातून दोर आणा," लामदुआन म्हणाली. "घरात एकच आहे."